ओट्यावरचे दूरदर्शन

इंदूरच्या रामबागेतील ज्या वाड्यात आमचे तारुण्य गेले, तेथे सात बिऱ्हाडे होती; पाच मराठी, एक मालवी व एक गुजराती. १९८४ साली या सातांत मिळून दूरदर्शन संच एकच होता आणि तो गुजराती शेठजींच्या माडीवर होता. रात्री कार्यक्रम संपला की मंडळी जिना उतरत आणि ओट्यावर टेकत. तेथे पुढे तासभर जे बोलणे चाले, त्याची नोंद कोणी ठेवली नाही. नाटक पाहून आल्यावर रंगलेल्या चर्चा आपल्याकडे आठवणींच्या पुस्तकांतून सन्मानाने आल्या आहेत. दूरदर्शनच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. सुज्ञ वाचकांस विषय किंचित हलका वाटेल याची आम्हांस कल्पना आहे. तरी ज्या बोलण्यात सासू, सून, शाळकरी पोर आणि धुणेवाली बाई एकाच अधिकाराने भाग घेत, असे दुसरे बोलणे आमच्या वाड्यात आम्ही ऐकले नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले व पुढल्या वर्षी पुण्याला त्याचे कार्यक्रम दिसू लागले. १९७५-७६ मध्ये अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक प्रयोग झाला. त्यात आमच्या तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर, दुर्गकडची गावे होती. म्हणजे छत्तीसगडच्या शेतकऱ्याने दूरदर्शन पाहिले, तेव्हा आम्ही इंदूरकर सराफ्यात खाण्यापिण्यात मग्न होतो.

या काळात मुंबईकडील नातेवाइकांची पत्रे येत, त्यांत 'गजरा', 'ज्ञानदीप' आणि 'चिमणराव' यांचा उल्लेख असे. दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे या जोडीने चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरांत नेले, हे आम्ही केवळ वाचून जाणत होतो. गंमत अशी, की चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी हे बडोद्याचे. तेथे त्यांनी पाली शिकवली, संस्थानच्या दप्तरात नोकरी केली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने निर्माण केलेला हा चिमणराव मुंबईच्या पडद्यावर गेला आणि आम्हां महाराष्ट्राबाहेरच्यांना मात्र दिसला नाही. मुंबईच्या मनोऱ्याची ताकद आमच्यापर्यंत पोहोचणारी नव्हती, त्यामुळे तक्रार करायची ती भूगोलाकडेच.

१९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंग आले, दिल्लीचे आशियाई खेळ आले. रंगीत प्रक्षेपणाचा आग्रह धरणारे माहितीमंत्री वसंत साठे हे वर्ध्याचे खासदार. गरीब देशाला रंगांची चैन कशाला, अशी टीका त्यांच्यावर पुष्कळ झाली. मेक्सिकोतील लोकशिक्षण करणाऱ्या कौटुंबिक मालिकांची कल्पना हिंदुस्थानात आणण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. त्या कल्पनेतून 'हम लोग' निघाली. १९८४ मध्ये देशभर लहान प्रक्षेपक इतक्या झपाट्याने उभे राहिले, की दिवसाला एक असा हिशेब सरकारी खाती अभिमानाने सांगत. आम्ही नुकतेच शासकीय सेवेत रुजू झालो होतो. एवढ्या वेगाने काम करणारे सरकारी खाते त्यानंतरच्या नोकरीत आम्हांस फारसे आढळले नाही.

७ जुलै १९८४ पासून १७ डिसेंबर १९८५ पर्यंत 'हम लोग' चालली. लेखन मनोहर श्याम जोशींचे, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमारांचे चार शब्द. प्रेक्षकांची लक्षावधी पत्रे गेली. सुरुवातीचा कुटुंबनियोजनाचा उपदेश लोकांना रुचेना म्हणून तो सौम्य केला गेला. पुढे अभ्यासकांनी या पत्रांचा व प्रेक्षकांचा अभ्यास केला, त्यात एक मजेदार गोष्ट निघाली. भागवंती ही सोशीक गृहिणी, स्त्रीने असे दबून राहू नये हे दाखविण्यासाठी योजलेली होती. परंतु पुष्कळ प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. आम्हांस हे वाचून नवल वाटले नाही. आमच्या ओट्यावर हा निकाल आधीच लागला होता. वरच्या काकू म्हणत, "भागवंती आहे म्हणून ते घर उभं आहे." त्यावर नागपूरहून नुकत्याच आलेल्या त्यांच्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "घर उभं आहे, पण ती बसलीय कुठे?" ओटा क्षणभर शांत झाला. काकूंना एरवी असे उत्तर देण्याची त्या घरात कोणाची छाती नव्हती. भागवंतीच्या आडून ते देता आले.

शुक्रवारी 'ये जो है जिंदगी' असे. तिचे लेखक शरद जोशी हे मूळचे उज्जैनचे, इंदूरच्या वृत्तपत्रांत लिहून वाढलेले, त्यामुळे मालव्याला त्यांचा अभिमान. नाशिकहून आलेल्या आमच्या एका मामांनी मात्र श्रेयनामावली पाहून गंभीरपणे विचारले, "कांद्याचं आंदोलन सोडून हे विनोद कधीपासून लिहू लागले?" शेतकरी संघटनेचे शरद जोशी निराळे, हे त्यांना पटवण्यात पुढच्या प्रसंगातील सतीश शहा निसटले. हे गृहस्थ दर भागात नवे सोंग घेत आणि आज कोणते, यावर पोरांत पैज लागे.

त्या मालिकेचे प्रायोजक विको. पेंढारकरांचे, म्हणजे मराठी घराणे. जाहिरात लागली की आमच्या मातोश्री ताठ बसत. जणू त्या हळदीच्या मलमात घरचा वाटा होता! ते प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हा अबकारी कराचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. आम्ही कर खात्यात असल्याने ओट्यावर आमचे मत मागितले जाई व ते कोणी ऐकत नसे. शेठजींच्या मते जाहिरात हाच खरा कार्यक्रम होता. त्यात मालाचा भाव, मापे आणि विक्रीची युक्ती कळते, मालिकेत काय कळते? 'सर्फ'च्या ललिताजी त्यांना विशेष प्रिय. कविता चौधरींनी रंगवलेली ही घासाघीस करणारी चाणाक्ष बाई शेठजींच्या पेढीवर आली असती, तर तिच्यासमोर त्यांनी हात टेकले असते, असे त्यांच्या पत्नी शांताबेन म्हणत. याच कविता चौधरींनी १९८९ मध्ये 'उडान' आणली, तेव्हा साबण विकणारी बाई पोलीस अधिकारी झाली याचा ओट्याला कोण आनंद झाला!

'रामायण' (१९८७-८८) व 'महाभारत' (१९८८-९०) यांविषयी इतके लिहिले गेले आहे, की आम्ही अधिक लिहीत नाही. नितीश भारद्वाजांचा कृष्ण मराठी, यावरून मालवी काकांनी आम्हांस बराच काळ छेडले, एवढे नोंदवतो.

हे सर्व बोलणे हिंदी-मराठी-गुजरातीच्या मिसळीत चाले. आमचे इंदुरी मराठी मुळातच 'काय करून राहिला आहेस' अशा हिंदी वळणाचे. पडद्यावर तर मराठी जवळजवळ नव्हतेच. रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपटांच्या फेरीत एखादा मराठी आला, तर जेवणे लवकर उरकली जात.

१९९४ मध्ये दूरदर्शनने मराठी उपग्रह वाहिनी सुरू केली, १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' आली आणि केबलवाल्याकडे आम्ही पाच बिऱ्हाडांनी सह्यांचा अर्ज दिल्यावर ती आमच्या वाड्यात पोहोचली. 'आभाळमाया' लागली त्या संध्याकाळी मातोश्रींच्या डोळ्यांत पाणी होते. साठ वर्षे इंदुरात काढलेल्या बाईला आपली भाषा घरात बसून, रोजची म्हणून ऐकू येत होती. नातवंडे 'चाय' सोडून 'चहा' म्हणू लागली. प्रभावळकरही अखेर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' होऊन आमच्या घरी आले. चिमणरावांची थकबाकी फिटली.

आता घरोघर संच होते. २००० च्या जुलैत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. त्यातले विराणी कुटुंब गुजराती, तेव्हा शांताबेन तिकडे गुंतल्या. ओट्यावर सायकली उभ्या राहू लागल्या. २००२ च्या हिवाळ्यात शांताबेनना अर्धांगाचा सौम्य झटका आला आणि मातोश्रींना ते आठ दिवसांनी, तेही दूधवाल्याकडून कळले. चाळीस वर्षांची मैत्री आणि मध्ये केवळ एक जिना. त्या धावत वर गेल्या. "मला कळवलंत का नाही?" असे त्यांनी रागाने विचारले. शांताबेन अडखळत म्हणाल्या, "तुमची सिरियल चालू होती ना, बेन."

हे वाक्य मातोश्रींनी आम्हांस पुढे अनेकदा सांगितले. मराठी वाहिनीच्या अर्जावर पहिली सही आमचीच होती आणि आजही पुन्हा अर्ज आला तर आम्ही सही करू; परंतु ते वाक्य ऐकताना आम्हांस मातोश्रींकडे पाहवत नसे. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज दुपारी तीन वाजता वर जाऊ लागल्या. संच बंद असे. त्या 'आभाळमाये'तील सुधाचे कालचे काय झाले ते सांगत आणि शांताबेन तुळशीचे सांगत. दोघींनीही एकमेकींची मालिका कधी पाहिली नव्हती. शांताबेनची जीभ जड झाल्याने विराणींच्या घरातले कोण कोणाचे, हे मातोश्रींना नीट उमगत नसे. मग त्या बोटांवर नाती मोजत आणि पुन्हा विचारत, "म्हणजे मिहिर मेला होता, तो हा नव्हे?"