झिजण्यासाठीच घडवलेला पॅड

इंग्लंडमधील डर्बीशर परगण्याच्या डोंगराळ भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उतारावरची मालाची घोडागाडी आवरण्यासाठी चाकाच्या धावेवर लाकडी ठोकळा दाबला जाई. तो करपून लवकर निकामी होत असल्याने घोडागाडीवाले त्यावर जुन्या बुटाचे चामडे ठोकीत, असे सांगितले जाते. ही युक्ती पाहून हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून ब्रेकच्या अस्तराचे, म्हणजे घासून संपण्यासाठीच बसवलेल्या थराचे, प्रयोग आरंभले आणि त्यांतून पुढे ‘फेरोडो’ हा उद्योग उभा राहिला.

फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये बर्मिंगहॅम येथे डिस्क ब्रेकचे, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या यंत्रणेचे, पेटंट घेतले. परंतु घासणाऱ्या बाजूस तांबे असल्याने धातूवर धातू घासून कर्कश आवाज होई. यावर तोडगा ठरलेले ॲस्बेस्टॉस, हे उष्णता सोसणारे तंतुमय खनिज, फ्रूड यांच्या कारखान्यात १९०८ च्या सुमारास अस्तरात आले. त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन कामगार प्राणांस मुकत असताना ते दशकानुदशके वापरात राहिले आणि ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी येण्यास १९९९ साल उजाडले, ही या कुळकथेतील अक्षम्य दिरंगाई होय.

डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या आजच्या अस्तरात, म्हणजेच पॅडमध्ये, धातूचे कण, कृत्रिम तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारी राळ असते, तर डिस्क, म्हणजेच रोटर, बहुधा बिडाची असते. पॅड आधी झिजावा आणि महागडी डिस्क अधिक टिकावी, हा मूळ हिशेब कायम असला तरी मालवाहू व्हॅनमध्ये तो कसाला लागतो. कारण साडेतीन टनांची भरलेली व्हॅन ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे साडेआठ लाख ज्यूल ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते, आणि घरोघर माल पोचवणाऱ्या व्हॅनला दिवसभर पुनःपुन्हा थांबावे लागते. जुन्या डिस्कच्या कडेवरून बोट फिरवल्यास पॅड न पोचणाऱ्या परिघावर उंच काठ लागतो. तो काठ आणि आतला खोलगट भाग यांतील फरक म्हणजे तेथवर झालेली झीज. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली, तर पॅड नवे असले तरी डिस्क बदलावीच लागते.

या झिजेतून उडणाऱ्या धुळीवर युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या युरो ७ नियमावलीत प्रथमच मर्यादा घातली असून ती मोटारींप्रमाणे व्हॅननाही लागू आहे.