जोंगाचं पुस्तक रद्दीत घालू नका

जुन्या मोटारींची पुस्तकं जमवणारे विलायती अंकांमागे धावतात. जबलपूरकरांना एवढं लांब जायला नको. 'जोंगा' हे नावच मुळी 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली'चं लघुरूप! निस्सानच्या आराखड्यावरची ही लष्करी गाडी. इथली व्हेईकल फॅक्टरी १९६९ची. जोंगाचं उत्पादन थांबलं, पण लिलावात घेतलेली गाडी चालू ठेवायची तर सुट्या भागांचे क्रमांक, कार्बुरेटरची आकृती मॅन्युअलमध्येच सापडणार.

१९७१ला निघालेल्या 'किशोर'चे जुने अंक 'बालभारती'ने इंटरनेटवर ठेवले, मुलांचा ठेवा वाचला. मॅन्युअल मात्र किलोवर जातं. म्हणून गोहलपुरातल्या मंडळींनो, रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी माळा बघा. कोऱ्या प्रतीपेक्षा मला तेलकट प्रत प्यारी. तिच्या समासात मिस्त्रीने पेन्सिलीने मापं लिहिलेली असतात.