घाटावर पंधरा जणी

कर्जतच्या फलाटावर उतरल्या उतरल्या वडा शोधू नका. तो यायला अजून बराच अवकाश आहे. 1895 चा उन्हाळा चालू आहे. तुमच्या अंगावरचे कपडे बदललेत, जाडेभरडे आहेत, मानेला टोचतायत. खालची जमीन इतकी तापलीय की एका जागी उभं राहवत नाही. हा तालुका चार वर्षांपूर्वी ठाण्यातून निघून कुलाबा जिल्ह्यात गेला, पण फलाटावर त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. सगळ्यांचा जीव पाण्यात. पाणीवाला ब्राह्मण घागर घेऊन डब्याडब्यापाशी थांबतोय. ओंजळ पुढे करा. तो उंचावरून धार सोडतो, भांड्याला कुणाचं बोट लागता कामा नये. निम्मं पाणी तोंडात जातं, निम्मं मनगटावरून बाहीत शिरतं. तेही चालतं, एवढा उकाडा आहे.

ठाकरणी करवंदांचे द्रोण मांडून बसल्यात. एक घ्या आणि डब्यात शिरा. थर्ड क्लास. लाकडी बाकं, त्यावर माणसं, माणसांवर पोरं, पोरांवर बोचकी. सुक्या मासळीची टोपली कुणीतरी दाराशीच ठेवलीय, तिचा वास विडीच्या धुरात मिसळलाय, त्यात खोबरेल तेल, घाम आणि कुणाच्या तरी डब्यातलं आंब्याचं लोणचं. कोपऱ्यातली जागा मिळाली तर सोडू नका. घाटासाठी दणकट इंजिन जोडलं जातंय, धक्का बसला की सगळा डबा एकमेकांच्या मांडीवर येतो, आणि त्यानंतर कुणी कुणाला परकं राहत नाही.

समोर एक म्हातारी बसलीय. लाल अलवण, डोईवरून पदर गच्च ओढलेला, गळा मोकळा, मनगटं मोकळी. महडहून आलीय, वरदविनायकाच्या दर्शनाहून. खालापूरकडच्या त्या देवळात तीन वर्षांपूर्वी नंदादीप लावलाय, तो अखंड तेवतोय, हे ती साऱ्या डब्याला ऐकू जाईल असं सांगते. मग खोपोली, नाना फडणवीसांनी बांधलेल्या तळ्यावर स्नान, महादेवाचं दर्शन, आणि तिथून फाट्यावरची गाडी धरून कर्जत. पदराची गाठ सोडून ती खोबऱ्याचा तुकडा आणि चिमूटभर साखर तुमच्यापुढे करते. “घ्या हो. प्रसादाला नाही म्हणू नये.”

तुमचा उजवा हात पुढे गेला. डावा त्याच्याखाली आला. खोबरं कपाळाला लागलं आणि तोंडात गेलं. विचार करायला उसंतच नव्हती, हात आपला आपण चालला. आपल्या मुलखात हा हात आईच्या कडेवर असतानाच शिकतो. देऊळ दिसलं की उठतो, पाय लागला की उठतो. आज तुम्हाला ज्यांना भेटायचंय त्यांचेही हात असेच शिकलेत, आणि त्या ते आवरायला शिकतायत. ती मेहनत किती आहे ते या खोबऱ्याच्या तुकड्यावरून कळेल.

पळसदरी मागे पडली. चढ लागला. इंजिन धापा टाकतंय, डब्यातलं बोलणं हळूहळू थांबतंय. पहिला बोगदा आला की पदर, उपरणं, हाताला लागेल ते नाकावर धरा. काळोखात धूर आत शिरतो, डोळ्यांत कोळशाची कणी जाते, कुठलं तरी मूल किंचाळतं, आणि म्हातारी मोठ्यानं गणपतीचं नाव घेते. उजेड. पुन्हा काळोख. असे 25 बोगदे आहेत. मधल्या उजेडात खाली उल्हास नदीचं खोरं दिसतं, वाळलेलं, तांबूस, मधेच एखाद्या ठाकरवाडीचा धूर.

खंडाळ्याच्या अलीकडे गाडी एका कड्यावर थांबते आणि पुढे रूळच नसतो. घाबरू नका. इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला जोडलं जातं, आणि गाडी उलट्या तोंडानं पुढची चढण चढते. इतका वेळ तुमचं तोंड पुण्याकडे होतं, आता पाठ झाली. म्हातारीला या प्रकाराची सवय आहे, ती जपमाळ काढते. तिचा निरोप घेताना वाकून नमस्कार करा. तिची भक्ती खरी आहे, आणि जिथं आपण चाललोय तिथं तिला कुणी हसणार नाही.

लोणावळ्याला उतरलात की पहिली गोष्ट म्हणजे वारा. कर्जतचा घाम पाठीवरच सुकतो. झाडीच्या दिशेनं चाला, गाण्याचा आवाज येईल. मिशनरी मंडळींचा मेळावा भरलाय. इथं येणारे बरेचसे गोरे आहेत. ग्रेगसन नावाच्या पाद्र्यांचं प्रवचन इंग्रजीतून चाललंय. त्या टोप्यांच्या आणि झग्यांच्या गर्दीत एका बाजूला पातळ नेसलेला घोळका दिसेल. मोजा. पंधरा मुली. आणि त्यांच्याजवळ पांढऱ्या साडीतली, आखूड केसांची, घाऱ्या डोळ्यांची, ठेंगणी बाई. वक्त्याकडे ती जरा जास्तच एकाग्र होऊन बघतेय, कारण तिला ऐकू कमी येतं. पंडिता रमाबाई.

तुम्ही मुलींच्या मागे जाऊन बसा. काळाच्या पाहुण्याला कुणी नावगाव विचारत नाही. अगदी पुढ्यात बसलीय तिच्या मानेकडे बघा. केस जेमतेम बोटभर वाढलेत. वस्तरा जिथं पुन्हा पुन्हा फिरला तिथं ते राठ आलेत, कानामागे मात्र मऊ, लहान मुलासारखी लव आहे. वाऱ्यानं पदर सरकतो, तिचा हात झटकन डोक्यावर जातो, पदर धरतो, मग थबकतो. तो पदर ती तसाच सोडून देते. वारा केसांतून जातो. एवढंच घडतं. तुमच्याशिवाय कुणाचं लक्षही नसतं.

या शारदा सदनातल्या, रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेल्या शाळेतल्या. पाच वर्षांपूर्वी अख्खं सदन मुंबईहून पुण्याला हलवलं तेव्हा ते तुम्ही आत्ता चढून आलात त्याच घाटानं वर गेलं. तिथं कुणाच्या देवपूजेला आडकाठी नाही. ज्यांना सोवळं पाळायचं त्या पाळतात. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत लेकीला, मनोरमेला, घेऊन बायबल वाचतात, प्रार्थना करतात, आणि दार उघडं ठेवतात. त्या उघड्या दारातून एकेक जण आत येऊन बसू लागली. त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं! मोठमोठी नावं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी दोन डझनांच्या आसपास मुली काढून नेल्या. उरल्या त्यांच्यातल्या या पंधरा.

दुपारी मंडळी पांगली की झाडाखाली टेका. वाळलेला पाला कुरकुरतो, मुंगळे चढतात, पानांतून ऊन डोळ्यावर येतं. कुणीतरी ठेवून गेलेलं मराठी बायबल हाताशी आहे, निर्गमाचं पुस्तक काढा. मोशे डोंगरावर गेलाय, त्याला उशीर होतोय, खाली लोकांचा धीर सुटलाय. अहरोन म्हणतो, बायकामुलांच्या कानांतलं सोनं आणा. ते वितळवतात, वासरू घडतं, आणि लोक त्याभोवती नाचू लागतात.

आता मान वर करून या पंधरा जणींच्या कानांकडे बघा. टोचलेली भोकं आहेत, बुजत आलेली. सोनं नवरा गेला त्याच वेळी उतरवलं गेलं. वासरू घडवायला यांच्यापाशी गुंजभरही काही नाही. म्हणून यांना मोह नाही असं समजू नका. यांचं वासरू घरी उभं आहे, परसात, तुळशीपाशी. आई दारात वाट बघतेय. परत ये, जरा नमतं घे, चारचौघांत हात जोडलेस तर तुझ्या देवाला तुझ्या मनातलं कळणार नाही का? माझ्या मते मूर्ती सोडणं यांना त्या मानानं सोपं गेलं. आईचा रडवेला शब्द खाली पडू देणं, लोक काय म्हणतील या दैवताला नैवेद्य न दाखवणं, हे फार कठीण होतं. दहा आज्ञांमधली पहिली आज्ञा त्या दारात येऊन उभी राहते.

आणखी थोडी पानं उलटा, गणनाच्या पुस्तकापर्यंत या. अरण्यात लोक कुरकुर करतायत. मिसरात फुकट मिळणारे मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडतायत. गुलामगिरी विसरली, जेवण आठवलं. कांदा-लसूण हे शब्द वाचून या मुलींना काय वाटत असेल? ब्राह्मणाघरच्या विधवेला कांदा वर्ज्य, एकाच वेळचं जेवण, तेही सगळ्यांचं झाल्यावर, आणि एकादशीला तेवढंही नाही. त्यांच्या मिसरात मागं वळून बघावं असं ताटात काही नव्हतंच. तरी मन मागे वळतं. माजघरातला गारवा, आजीच्या गोधडीचा वास, चैत्रातलं हळदीकुंकू, ज्यात त्यांना बसता येत नव्हतं पण ज्याची गाणी ऐकू यायची. कुरकुर तिथून सुरू होते.

पुण्यात यांना बंडखोर म्हणतात. घराशी बंड, धर्माशी बंड. तुम्ही त्यांच्यात बसलायत, तुम्हीच सांगा. पाट्यावर वाटण वाटणाऱ्या, ओळीनं ताटं मांडणाऱ्या, बाई कमी ऐकतात म्हणून जरा मोठ्यानं बोलणाऱ्या या मुलींनी आयुष्यभर हुकूम पाळलेत. बोहल्यावर चढ म्हणाले, चढल्या. डोकं पुढे कर म्हणाले, केलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. इथं पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय, आणि त्या आपल्या तोंडानं हो म्हणतायत. बायबलात ज्याला बंड म्हटलंय ते देवाशी केलेलं बंड, आणि त्या बंडापासून दूर राहायचं म्हणूनच त्या माणसांचा रोष ओढवून घेतायत. बाईंनाही हे नवं नाही. ज्यांच्याकडे राहून बाप्तिस्मा घेतला त्या इंग्लंडातल्या जोगिणींनासुद्धा त्यांनी प्रश्न विचारून हैराण केलं होतं. पुरोहितांचं जोखड उतरवून दुसऱ्यांचं चढवायला त्या तयार नव्हत्या. देवापुढे मान लवली म्हणजे ती सगळ्यांपुढे लवलीच पाहिजे असं थोडंच आहे!

संध्याकाळी तुमचा तो द्रोण सोडा. उरलेली करवंदं मऊ पडलीत, चीक बोटांना चिकटतोय. रानमेव्याची रमाबाईंना वेगळी आठवण आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक लहानपणापासून तीर्थातीर्थांतून हिंडली. देवळाच्या आवारात पुराण सांगायचं, दक्षिणा मिळेल ती देवाधर्माला घालायची. दुष्काळ आला तेव्हा गाठीचं सारं व्रतांना आणि दानांना जाऊन संपलं होतं. अकरा दिवस या कुटुंबानं पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर काढले. वडील गेले, आई गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं पुरेनात. रमा ठेंगणी, खांदा पुरेना, म्हणून तिनं तो भार डोक्यावर घेतला. त्यांनी मूर्ती सोडली त्याला पुढचं वाचन आणि विचार कारण झाले हे खरं, पण त्या डोक्यावरच्या भाराचं वजनही त्यात आहे. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळायचा होता, असं त्या पुढे मोकळेपणानं लिहितात. निष्ठा एका दिवसात पुरी होते असं त्यांनी कधी भासवलं नाही.

रात्री थंडी वाजेल, घाटमाथ्याची सवय नसेल तर घोंगडी मागून घ्या. पहाटे, अजून अंधार असताना, पांढरी साडी झाडीकडे निघालेली दिसेल. मागे जा, पण अंतर राखा. दवानं पाय ओले होतात. एखादा कोंबडा दूर खाली, खालापूरच्या बाजूला, आरवतो. बाई एकट्याच थांबतात. पूर्वेला उजळतं, मग सूर्य वर येतो, आणि त्यांचं मन आनंदानं भरून येतं. देवा, मला पंधरा लेकी दिल्यास, त्या म्हणतात, आता या संख्येचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा. पुढचा मेळावा भरायच्या आत दोनशे पंचवीस.

तुम्ही झाडाआड उभे राहून हिशोब करायला लागता, आणि तुमचं धाबं दणाणतं. दोनशे पंचवीस जणींना दोन वेळा भाकरी. तितक्या भाकऱ्यांची ज्वारी पहाटे उठून जात्यावर दळायची. पाणी कुठल्या विहिरीचं? निजायचं कुठे? पुण्यात या पंधरा जणींपायी एवढा गहजब, तिथं आणखी दोनशे दहा? बाईंनी मागताना यातलं काही मोजलं नसेल असं मला वाटत नाही. भुकेचा हिशोब त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता!

त्याच वर्षाच्या अखेरीला सदनातल्या बारा मुलींचा बाप्तिस्मा झाला आणि पुणं पुन्हा खवळलं. त्याच्या पुढच्या वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः गेल्या, रस्त्याकडेच्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा करून आणू लागल्या, आणि मागितलेला आकडा मागे पडला. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. उवांनी भरलेली डोकी धुवायला, खरजेच्या फोडांना मलम लावायला, एकदम जेवण दिलं तर मरतील म्हणून थोडी थोडी पेज पाजायला माणसं हवी होती. सदनातल्या जुन्या मुली पदर खोचून त्या कामाला लागल्या. आलेल्यांत कुठल्याही जातीच्या होत्या, आणि पाणी आता उंचावरून ओतायचं नव्हतं.