आग्वाद दीपगृह (जुने)

गोव्यातील बार्देश तालुक्यात, मांडवी नदीच्या मुखाशी उत्तर तीरावर असलेले पोर्तुगीज काळातील दीपगृह. 1976 पासून ते बंद आहे. चार मजल्यांचा हा गोल, पांढरा मनोरा आग्वाद किल्ल्याच्या माथ्यावर, तटबंदीच्या आत उभा आहे.

किल्ला 1612 मध्ये पुरा झाला. पोर्तुगालहून आलेली जहाजे येथे गोडे पाणी भरून घेत आणि त्या पाण्यावरूनच किल्ल्याला नाव पडले. बालेकिल्ल्यातील टाक्यात 23 लाख 76 हजार गॅलन पाणी मावे असे सांगतात.

दीपगृहाच्या बांधणीचे साल सर्रास 1864 दिले जाते. दिवा आधी दर सात मिनिटांनी चमके, 1834 मध्ये तो अर्ध्या मिनिटावर आणला, असेही त्याच माहितीत पुढे येते. 1864 मध्ये बांधलेल्या दीपगृहाची सुधारणा तीस वर्षे आधीच कशी होईल, हा प्रश्न मार्गदर्शिका छापणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. येथे एकेकाळी टांगलेल्या घंटेचा इतिहास पाहिला तर 1864 च्या आधीही येथे दीपगृह असावे असे वाटते. पोर्तुगीज सरकारने 1835 मध्ये धर्मसंघ बरखास्त केले आणि जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनचा मठ ओस पडला. त्याच्या मनोऱ्यातील अजस्र घंटा 1841 मध्ये आग्वादच्या दीपगृहावर आणून टांगली गेली. पुढच्याच वर्षी मठाच्या चर्चचे छत कोसळले. घंटा तीस वर्षे आग्वादला राहिली. 1871 मध्ये ती पणजीच्या अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये हलवली. गोव्यात तिच्याहून मोठी घंटा एकच, से कॅथेड्रलची.

सालाझारच्या राजवटीत किल्ल्याच्या पाण्यालगतच्या भागात तुरुंग होता. राममनोहर लोहिया आणि त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा 1946 मध्ये तेथे कैदेत होते. हा तुरुंग 2015 मध्ये कोलवाळला हलवला गेला आणि 2021 मध्ये जुन्या वास्तूत संग्रहालय उघडले. पर्यटकांची गर्दी मात्र वर, मनोऱ्यापाशी असते. खाली उतरण्याचे कष्ट घ्यावेत असे हे ठिकाण आहे.

गोवामुक्तीनंतर जवळच नवे दीपगृह उभारले गेले आणि 1976 मध्ये जुन्याचे काम त्याच्याकडे गेले. छायाचित्रांत या दोघांची नेहमी गल्लत होते. तटबंदीच्या आत दिसतो तो जुना मनोरा. आज जहाजांना वाट दाखवतो तो बाहेरचा.