मातीतून गादीवर : कुस्तीची वाटचाल आणि नगरचे दोन 'केसरी'

एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात, अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने दोन 'महाराष्ट्र केसरी' घोषित होण्याचा प्रसंग २०२५ मध्ये अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याने अनुभवला. २ फेब्रुवारीला नगर शहरातील वाडिया पार्क मैदानावर पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ या किताबाचा मानकरी ठरला, तर मार्चअखेरीस कर्जत येथे सोलापूरचा वेताळ शेळके. दोन्ही स्पर्धा वेगवेगळ्या संघटनांच्या होत्या. मल्लांच्या कर्तृत्वाविषयी शंका नाही. पण खरा केसरी कोणता, हा प्रश्न कुस्तीशौकिनांना पडला. ज्या खेळाने मराठी मुलखाला शतकानुशतके बांधून ठेवले, त्याच्यावर ही वेळ का यावी, हे समजण्यासाठी त्याचा इतिहास पाहावा लागतो.

राजाश्रय आणि तालमी

मल्लविद्येचे सविस्तर वर्णन बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात आढळते. मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार व व्यायाम यांची चर्चा त्यात आहे. पुढे पेशवाईत पुण्यात तालमी उभ्या राहिल्या. मारुतीचे देऊळ आणि शेजारी तालीम ही जोडी गावोगावची ओळख बनली.

विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीची राजधानी बनविले. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या खासबाग मैदानाची रचनाच अशी आहे, की कोठेही बसलेल्या प्रेक्षकाला मधला हौदा स्पष्ट दिसावा. संस्थाने विलीन झाल्यावर राजाश्रय संपला. त्याची जागा काही प्रमाणात पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन देऊन भरून काढली.

गावचा हगामा

नगर जिल्ह्यात यात्रेनिमित्त भरणाऱ्या कुस्त्यांना 'हगामा' म्हणतात. पाथर्डी तालुक्यातील मोहटादेवीच्या यात्रेपासून लहानशा वाडीच्या जत्रेपर्यंत हगाम्याशिवाय उत्सव पुरा झाला असे कोणी मानत नाही. हलगी कडाडू लागली की आरंभी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. मग इनामाची रक्कम वाढत जाते आणि दिवस मावळताना मानाची शेवटची कुस्ती लागते. जोड आखाड्यातच, सर्वांच्या देखत ठरते. इनाम गावच्या वर्गणीतून उभे राहते. ऊसतोडीहून परतलेला मजूर, बागाईतदार आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेला चाकरमानी त्या दिवशी एकाच बांधावर बसतात.

या कुस्तीला पूर्वी वेळेची मर्यादा नसे. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या लाल मातीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे टेकवून त्याला 'चितपट' केले, की निकाल लागे. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, एकेरी पट हे डाव जाणकार प्रेक्षक दुरूनही ओळखत. पंच असत, परंतु कोणाची पाठ लागली, हे पाहणारे हजारो डोळेही असत.

गादी आणि गुण

आंतरराष्ट्रीय कुस्ती मात्र गादीवर व गुणांवर चालते. मातीत घडलेल्या आपल्या मल्लांना हे तंत्र नवखे होते. तरीही सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय.

१९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली. १९६१ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे दिनकर दह्यारी पहिले 'महाराष्ट्र केसरी' ठरले. तेव्हापासून चांदीची गदा हे प्रत्येक तालमीचे स्वप्न बनले. कालांतराने माती आणि गादी असे दोन विभाग झाले व दोहोंतील विजेत्यांमध्ये अंतिम लढत होऊ लागली. स्त्रियांनाही हे दार उघडले. २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी ठरली. जानेवारी २०२५ मध्ये वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे हा मान नगर जिल्ह्याच्या भाग्यश्री फंड हिने मिळविला.

विश्वासाला तडा

वाडिया पार्कवरील स्पर्धेत मात्र गालबोट लागले. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पराभूत घोषित झालेल्या शिवराज राक्षे याने आपली पाठ टेकलीच नसल्याचा दावा केला. प्रकरण पंचांवर लाथ उगारण्यापर्यंत गेले. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यानेही गुणाच्या निर्णयावर आक्षेप घेत मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. मल्लाचे वर्तन समर्थनीय नव्हते, यात दुमत नाही. परंतु वर्षानुवर्षे खुराकावर घर गहाण टाकणाऱ्या कुटुंबाचे भवितव्य ज्या एका क्षणावर अवलंबून असते, त्या क्षणाचा निर्णय निःशंक असावा, ही अपेक्षाही गैर नाही.

अमेरिकेचा धडा

अशी फूट इतर खेळांतही पडली आहे. अमेरिकेत बेसबॉलला जे स्थान आहे, ते आपल्या ग्रामीण भागात कुस्तीला आहे. मोकळ्या मैदानांवर खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये लेखी स्वरूपात आणले. १८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली. १९०१ मध्ये अमेरिकन लीग तिची प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहिली आणि दोन्हींत खेळाडूंची पळवापळवी सुरू झाली. अखेर १९०३ मध्ये समेट झाला आणि त्याच वर्षी दोन्ही लीगच्या विजेत्यांमध्ये पहिली 'वर्ल्ड सिरीज' खेळली गेली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या संघाने खेळण्यास नकार दिल्याने ती झाली नाही; १९०५ पासून मात्र ती पुन्हा सुरू झाली. दोन लीग राहिल्या, पण विजेता एकच ठरू लागला.

आपल्याकडे संघटना किती असाव्यात, हा वाद न्यायालये व क्रीडा महासंघ यथावकाश सोडवतील. मात्र दोन गदांपैकी एकीचे मोल अर्धे आणि दुसरीचेही अर्धेच, हे मल्लांना ठाऊक आहे. आजही नगरच्या एखाद्या हगाम्यात बारा-तेरा वर्षांचा पोरगा अंगाला माती लावून सलामी देतो, तेव्हा त्याच्या मनात दोन केसरी नसतात. तो ज्या गदेकडे पाहत मोठा होणार, ती एकच राहील, एवढी जबाबदारी मोठ्यांनी घ्यायला हवी.