तळटीप : ‘ऑरेंज’

* ऑरेंज : इचिगो ताकानो यांची मांगा (जपानी चित्रकथा) मालिका, २०१२ मध्ये ‘बेस्सात्सु मार्गारेट’ मासिकात सुरू झाली, पुढे ‘मंथली अ‍ॅक्शन’मध्ये गेली. मात्सुमोतो शहरातल्या नाहो या शाळकरी मुलीला दहा वर्षांनंतरच्या स्वतःकडूनच पत्र येतं : वर्गात नव्याने आलेला काकेरू पुढे या जगात राहणार नाही, त्याला जप. तिचं त्याच्यावर प्रेम जडतं, आणि घालमेल इथूनच वाढते. नाहोने एखादी घटना बदलली की पत्रातला मजकूर प्रत्यक्षाशी जुळेनासा होतो. मग पुढचं पाऊल तिला अंदाजानेच टाकावं लागतं. आईच्या मृत्यूचं ओझं वाहणाऱ्या काकेरूला ताकानो कुठेही निव्वळ कोडं होऊ देत नाहीत. मालिकेचं खरं मोठेपण मला यातच वाटतं. — संपा.