कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्ती उपदेश

मंडळी, वडनेरच्या पारावर कीर्तनकार उभे राहिले म्हणजे पूर्वरंग कोठे संपला नि उत्तररंग कोठे लागला, हे आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांगावे लागत नाही. आधी अभंग, त्याचे निरूपण, मग आख्यान. ख्रिस्ती उपदेशकाचे कामही असेच. आधी शास्त्रवचन वाचायचे, ते कोणी, कोणाला उद्देशून सांगितले हे पाहायचे, नि त्यात जे नाही ते आपल्या पदरचे घालायचे नाही. पण वचन आले परक्या भाषेतून आणि ऐकणारा मराठी. आता शब्द जपावा की श्रोता?

हा पेच प्रथम पडला गोव्यात. 1579 साली तेथे आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. जुनी पुराणे बंद झाली, मग आम्ही ऐकावे काय, हा नवख्रिस्ती लोकांचा सवाल त्यांनी ग्रंथातच घातला आहे. उत्तर दिले ते ओवीतून. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. क्रूस मात्र पोर्तुगीजच राहिला, तो आजही मराठीत आहे. शिक्षकबंधूंना त्यांची मराठीची स्तुती ठाऊक असते. बाकीचा ग्रंथ मात्र क्वचितच उघडला जातो! पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला, म्हणजे उपदेशकाने कमावलेले सरकारने घालवले.

आपल्या बाजूला 1845 साली स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले. पण पेच खरा सोडवला तो आपल्याच माणसाने. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची वाट घातली होतीच. टिळकांनी ती आपलीशी केली.

या वाटेत एक धोका आहे. आख्यान रंगले की कीर्तनकाराचा तोल जातो. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या मुलाची गोष्ट घ्या. बाप धुऱ्यावर उभा राहून वाट पाहतो असे आपण वऱ्हाडी ढंगाने रंगवले तर बिघडत नाही. पण बापाने आधी पोराला चार शब्द सुनावले असे सांगितले, तर गोष्टच मोडली. मूळात बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. दुसरी चूक अधिक मोठी नि नेहमीची. मेजवानी झाली की पुष्कळजण थांबतात. वास्तविक ही गोष्ट सांगितली ती येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या परुश्यांना. म्हणून थोरला भाऊ गाळून चालत नाही. तो वावरातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रागावून दाराबाहेर उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. पुढे तो घरात गेला की नाही, हे लूक सांगत नाही. आरती तेथेच घ्यावी लागते.